आहे की माळ्यावर!

काही माणसं खिशात पैसा नसतो म्हणून खर्च करत नाहीत, काहींचा जीव होत नाही म्हणून. आमचे भाई ह्या दोन्ही जातींतले नव्हेत. दुकानदार जिंकू नये, एवढ्याच एका कारणाने ते पैसे राखून असतात. सोसायटीच्या हिशेबात त्यांच्या हातून कधी रुपयाचा घोळ झाला नाही, देवळाच्या वर्गणीची पहिली पावती त्यांचीच. पण कुणी नवी वस्तू विकत आणायचं नाव काढलं की त्यांच्या तोंडावर एक जाणतं हसू येतं, मान आपोआप वर जाते आणि तुळयांकडे बघत ते म्हणतात, "कशाला? आहे की माळ्यावर."

आणि ती वस्तू खरंच असते. हीच पंचाईत. नसती तर घरच्यांना भांडायला तरी वाव राहिला असता.

हातखंब्याला राहणाऱ्या माणसाला हा छंद फार लांब न जाता जोपासता येतो. मुंबई-गोवा रस्ता इथून पालीकडे जातो आणि रत्नागिरीचा रस्ता तिठ्यावर फुटतो. चौपदरीकरणात रस्त्याकडेची दुकानं, पडव्या, पत्र्याच्या शेडी मागे सरल्या, तेव्हा लोक नुकसानभरपाईचे कागद घेऊन धावत होते आणि भाई हातगाडी घेऊन. कुणाच्या खिडकीचे गज, कुणाच्या हॉटेलाचं दार, कुणाचा 'उधार बंद आहे' असा पत्रा. वहिनी म्हणतात, सरकारने रस्ता रुंद केला आणि आमचा माळा अरुंद झाला.

ह्या माणसाच्या मुलीने, वय अकरा, इयत्ता सहावी, दिवाळीत पानावर बसल्या बसल्या जाहीर केलं की मला माझी खोली पाहिजे. लव्हेंडर रंगाची. आत टेबल, पुस्तकांना कप्पे, चित्रं लावायला बोर्ड, लायटीची माळ आणि दाराला आतून कडी. पहिल्या पाच गोष्टी भाईंनी बोटांवर मोजल्या. सहावी ऐकू आली नसावी.

"होईल की," भाई म्हणाले. "पाच हजारांत बसवू. पंख्याची दुरुस्ती धरून."

आता जुन्या कोकणी घरात खोल्या असतात, पण कुणाची अशी खोली नसते. ओटी पुरुषांची, माजघर बायकांचं, देवघर देवाचं, आणि मुलं झोप येईल तिथे. पुन्हा घराची रचना अशी, की ओटीवरून परसात जायचं तर एकेका खोलीतून सगळ्यांच्या अंगावरून जावं लागतं. जिच्यातून पुढे कुठे जाता येत नाही अशी एकच खोली भाईंच्या घरात होती, ती बाळंतिणीची. एक हात लांबीची खिडकी, वर थेट कौलं, दिवसाही दिवा लावावा लागे. बाळंतपणं रत्नागिरीच्या दवाखान्यांत व्हायला लागून जमाना झाला, पण नाव टिकलं. फोनवर बोलताना ही मुलगी मैत्रिणीला, "मी ना, बाळंतिणीच्या खोलीत आहे," म्हणाली तेव्हा पलीकडे काही क्षण शांतता पसरली होती म्हणे.

खोली रिकामी म्हणायची तीही नावालाच. चैत्र-वैशाखात तिथे पेंढ्यावर आंब्याची अढी. पावसाळ्यात सरपण आणि आठ आठ दिवस न वाळणारे कपडे. भाद्रपदात मुंबईहून आलेले चाकरमानी, एका रांगेत, डोक्याला डोकं लावून. आश्विन-कार्तिकात नवं भात. फाल्गुनात शिमग्याला पुन्हा तेच चाकरमानी. भाईंनी पंचांग काढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवलं ते पौषावर. पौषात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, म्हणून पाहुणाही नाही. जो महिना सारं जग टाळतं तो भाईंना फुकट मिळाल्यासारखा वाटला.

इथे त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तो चिऱ्यात असा मुरतो की दिवाळी उलटली तरी भिंतीला हात लावला तर हात गार लागतो. तरीही आपल्याकडे रंग काढतात ते गणपतीच्या तोंडावर, बाहेर धो धो कोसळत असताना, आणि नवरात्रात पोपडे धरले की रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. पौषात भिंत कोरडी ठणठणीत असते. भाईंना ठाऊक असतं सगळं. फक्त त्या ज्ञानाचं टोक शेवटी पैसे वाचण्याशी येऊन टेकतं.

मग शिडी लागली आणि माळा खाली उतरू लागला.

आधी टेबल. आजीच्या शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा होता, मशीन कधीच निकालात निघालेलं. त्यावर तिठ्यावरच्या मोडलेल्या हॉटेलाच्या दाराची फणसाची फळी टाकली. फणसाचं लाकूड ते, घासल्यावर पिवळंधमक निघालं. फळी दाराची असल्याने मधोमध कुलपाचं भोक राहिलं; ते पेन ठेवायला आहे असं भाईंनी ठरवलं. बाकी टेबल झकास झालं. फक्त खालचं पायडल जागचं सुटेना. पाय ठेवला की ते हलायचं आणि हललं की कुईकुई वाजायचं. मुलगी म्हणाली, तेल घाला. भाई म्हणाले, मुळीच नाही. आवाज येतोय म्हणजे अभ्यास चालू आहे. आवाज थांबला की आपण दारातून डोकवायचं. ओटीवर पेपर वाचता वाचता मुलीच्या अभ्यासावर लक्ष ठेवणारं असं यंत्र एखाद्या शिक्षणतज्ज्ञालाही सुचलं नसतं, हे त्यांनी मला निवृत्त मास्तर म्हणून मुद्दाम ऐकवलं.

पोरगी आठ दिवसांत शिकली. गणिताशी पायांचा काही संबंध नाही, हा शोध तिला लागला. संध्याकाळी दोन दोन तास कुईकुई अखंड चालायची, भाई डोळे मिटून ती ऐकत राहायचे, आणि आत गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पडत असायचा. घटक चाचणीचा पेपर घरी आला त्या रात्री भाईंनी मुकाट्याने पायडलात तेल घातलं.

पुस्तकांच्या कप्प्यांची गोष्ट सोपी. आंबा हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातो. लाकडी पेट्या मागे पडल्या, म्हणजे भाईंच्या माळ्यावर चढल्या. त्या आडव्या करून एकावर एक रचल्या, खिळे मारले, झालं कपाट. पेट्यांवरचे शिक्के घासून काढायला मुलगीच नको म्हणाली, त्यामुळे 'रत्नागिरी हापूस'च्या खाली मराठी आणि हिंदी, 'वरची बाजू' अशा बाणाखाली भूगोल आणि 'नाशवंत माल' ह्या पेटीत इतिहास अशी मांडणी आहे. मी मास्तर म्हणून तीत काही बदल सुचवला नाही.

बोर्डासाठी थर्माकोल निघाला. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून भाईंचं गणपतीचं मखर माळ्यावर अज्ञातवासात होतं. लावता येत नाही आणि टाकवत नाही, अशा अवस्थेत त्याने वर्षं काढली. त्याची मागची सपाट पाठ कापून, वर आजीच्या विटक्या लुगड्याचा पदर ताणून, कडेला गोंद लावून जो बोर्ड झाला तो खरोखर दुकानातल्यापेक्षा देखणा. टाचणी लावली की घट्ट धरतो. मागून एक अर्धवट सोनेरी कमान डोकावते, ती कुणी विचारली तर सांगायची नाही असं ठरलंय.

पलंग म्हणजे प्लास्टिकचे क्रेट. सोळा क्रेट उपडे, वर फळ्या, वर गादी. बघायला बरा, बसायला भक्कम. त्यातली गोम पुढे येईल.

रंगाची कथा मात्र सावकाश सांगायला हवी, कारण त्या चार दिवसांत भाईंचं सगळं व्यक्तिमत्त्व पिंपात विरघळलेलं मी पाहिलं. मुलीने फोनवर शेड दाखवली होती. दुकानात आता मशीन असतं, त्यात नंबर टाकला की हवी ती छटा डब्यात पडते. भाईंनी मशीनचं नाव ऐकूनच हात जोडले. खोली दहा बाय दहा, उंची दहा, दारखिडकी वजा जाता पावणेचारशे चौरस फूट, दोन हात, प्रायमर वेगळा, लांबी वेगळी. "आणि हे सगळं चिऱ्याच्या भिंतीला," भाई म्हणाले. "गुरुजी, चिरा श्वास घेतो. त्याला प्लास्टिकचा सदरा घातलात तर तो पहिल्या पावसात फाडून टाकील."

हेही खरं. आतली ओल बाहेर पडायला वाट मिळाली नाही की असला रंग फुगतो आणि पोपडे होऊन गळतो. चुन्याला ते भय नाही. म्हणून चुना. कळीचा चुना पिंपात विरवला, पिंप रटरटायला लागलं, वाडीतली पोरं लांब उभी राहून बघू लागली. गार झाल्यावर धोतराच्या फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचं पाणी आणि मूठभर मीठ घातलं. आता लव्हेंडर. भाईंचं शास्त्र असं: नीळ अधिक गेरू बरोबर जांभळा. दोन्ही घरात आहेत.

पहिल्या मिश्रणाचा रंग पिंपात पाहिला तर भरीत करावं असा. वहिनी काही न बोलता आत गेल्या. मुलीचे डोळे भरून आले. भाई म्हणाले, "ओला चुना बघून रडायचं नसतं गो. वाळला की उतरतो." वाळल्यावर तो इतका उतरला की रंग दिला आहे हे सांगावं लागलं. दुसऱ्या हाताला नीळ वाढवली, तिसऱ्याला गेरू. ह्या सगळ्यात भाईंच्या बोटांची सालटी निघाली, मिशी पांढरी झाली ती आठ दिवस तशीच होती. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर भिंतींवर एक हलकी, धुरकट, तेरड्याच्या फुलासारखी जांभळी छटा आलेली. मुलगी टाळ्या पिटायला लागली. भाई स्वतःच इतके चकित झाले की काय प्रमाण पडलं होतं ते लिहून ठेवायचं राहिलं.

आणि रंग साडेतीन भिंतींना पुरला.

उरलेल्या अर्ध्या भिंतीसाठी दुसरा घाणा काढला, तो गुलाबी निघाला. तिसरा निळा. शेवटी चौथी भिंत अख्खीच्या अख्खी गुलाबी करून भाई बाहेर आले आणि म्हणाले, "हल्ली एक भिंत वेगळीच ठेवतात." हे ते कुठे शिकले देव जाणे, पण शहरात ह्याच गोष्टीचे डिझायनर पैसे घेतात हे मला माहीत आहे.

ह्या दरम्यान बाजारहाट करायला कुणीतरी रत्नागिरीला जायला हवं होतं. अंतर तेरा-चौदा किलोमीटर. स्वतः जायचं तर भाईंना पूर्ण तिकीट पडतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि मुलगी बाराच्या आतली, म्हणजे तिलाही अर्धंच. "दोघी मिळून एकाच तिकिटात जातायत," भाई मला आनंदाने म्हणाले. यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली: डिंक, दीड इंची खिळे, पंख्याचा कंडेन्सर. त्या एका तिकिटात त्यांनी काय गमावलं हे त्यांच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. राम आळीतून फुलाफुलांची चादर आली, खिडकीला तसाच पडदा आला, आणि पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली एक पितळी खिट्टी.

"ही कशाला?"

"दाराला आतून," मुलगी म्हणाली.

भाईंनी खिट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "आतून कडी कशाला लागते? घरात चोर आहेत काय? आणि तू आत करणार काय?"

"काही नाही."

"काही नाही करायला कडी?"

हा प्रश्न त्यांनी वहिनींना विचारला, मला विचारला, ओटीवर आलेल्या पोस्टमनला विचारला. बाहेरून कडी-कोयंडा आहे, तो त्यांना समजत होता. भात चोरीला जाऊ शकतं. अकरा वर्षांच्या पोरीकडे चोरीला जाण्यासारखं काय असतं, ते त्यांना उमगेना.

आजी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "बाय, तू गणितात हुशार ना? मला ही खोली सव्वा महिना मिळायची. बाळंतपणं चार. किती झाले?"

"पाच महिने."

"पंचावन्न वर्षं झाली मला ह्या घरात येऊन. त्यातले पाच महिने माझ्या पाठी दार बंद होतं. ते पण पोर रडेपर्यंत." आणि सूप परत उचलून भाईंना, "लाव तिची कडी."

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली ह्याच विषयावर अख्खं पुस्तक काढलं. आजीला तेवढा वेळ नव्हता, तांदूळ व्हायचे होते.

आईपुढे भाईंचं चालत नाही. पण तत्त्व ते तत्त्व. "लावतो. पण विकतची कशाला? ही उद्या परत करा. आहे की माळ्यावर!" म्हणून ते शिडीवर चढले ते दुपारी तीनला. वरून सरकवासरकवीचे, पडण्याचे, शिंकण्याचे आवाज येत राहिले. कंदील लागायच्या वेळेला भाई खाली आले तेव्हा त्यांच्या हातात होता एक पुरुषभर लांबीचा अडसर, किल्ल्या नसलेली तीन कुलपं, कुलपं नसलेल्या अकरा किल्ल्या आणि एक कोयंडा. आतून लावायची कडी एकही नाही. त्या घरात पिढ्यानपिढ्या कुणी खोलीला आतून काही लावलंच नव्हतं, तर माळ्यावर कुठून येणार? भाई शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा माळा त्यांना नाही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी खिट्टी बसली. पितळी, नवी, दुकानातली.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र एका काचेच्या कौलाने. तेही माळ्यावरचंच, अर्थात. भाईंनी छपरातलं एक मंगलोरी कौल काढून त्या जागी ते सरकवलं आणि इतकी वर्षं अंधारात असलेल्या त्या खोलीत उन्हाचा एक चौकोन पडला. सकाळी तो 'नाशवंत माल'वर असतो, शाळेच्या वेळेला टेबलावर येतो, दुपारी गुलाबी भिंतीवर चढतो. खर्च शून्य. ह्यासाठी मी भाईंना मनापासून दाद दिली, आणि मी सहसा देत नाही.

दोष एकच. आमच्याकडे माकडं कौलांवर नाचतात, फोडतात, हे रोजचंच. त्यांतल्या एकाला ह्या काचेचा शोध लागला. मुलगी खिट्टी लावून, पडदा ओढून, जगापासून सुटका करून घेऊन गादीवर पडली की वरून एक काळं तोंड काचेला नाक लावून बघत असतं. "त्याला आतून कडी चालत नाही," भाई म्हणतात, आणि ह्या वाक्यावर ते एकटेच हसतात.

खर्चाचा हिशेब भाईंनी सोसायटीच्या जुन्या वहीत ठेवला आहे. चार हजार आठशे साठ. तिठ्यावर जो भेटेल त्याला ते हा आकडा सांगतात. वहिनींनी मला वेगळा कागद दाखवला. त्यात फणसाची फळी सरळ करायला आलेल्या सुताराची दोन दिवसांची मजुरी आहे, जी भाईंनी 'घरदुरुस्ती'त टाकली. पेटीतल्या गंजक्या खिळ्यामुळे घ्यावं लागलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन आहे, ते 'औषधपाणी'. माळा उतरवताना फुटलेल्या सतरा कौलांचे पैसे 'माकडं' ह्या खात्यावर आहेत. खिट्टी 'किरकोळ'मध्ये आहे. वहिनींची बेरीज आठ हजारांच्या पुढे जाते. ती त्यांनी भाईंना दाखवलेली नाही. संसार चालवायचा तर दोन वह्या लागतात, असं त्या म्हणतात.

मग चैत्र आला, आंबा उतरायला लागला आणि एका सकाळी भाई पलंग न्यायला आले. क्रेट हवे होते ना. फळ्या उचलून ते गादी गुंडाळायला वाकले तर मुलगी दारात उभी. वाटाघाटी दोन दिवस चालल्या. आजी तिच्या बाजूने, वहिनी तटस्थ. शेवटी ठरलं ते असं: क्रेट न्यायचे, बदल्यात आजोबांची खाट द्यायची. अढी घालायची तर खाटेखाली, पायडलापर्यंत येता कामा नये. आंबे बघायला कुणीही कधीही यायचं नाही. आधी दार वाजवायचं. हे सगळं तिने कागदावर लिहून भाईंची सही घेतली. सोसायटीच्या कामाची सवय, भाईंनी खाली तारीखही घातली.

परवा मी गेलो तर भाई बंद दारापुढे उभे होते, हातात रिकामी टोपली.

टकटक.

"कोण?"

"मी."

"काय काम?"

"आंबे बघायचेत. वरचा थर पिकला असेल."

"अभ्यास करतेय. साडेपाचला या."

भाईंनी कान देऊन ऐकलं. तेल घातल्यापासून पायडलाचा आवाज येत नाही, तेव्हा खरं-खोटं कळायला मार्ग नाही. त्यांनी दाराला खांदा लावून एकदा जोरात ढकललं. दार तसूभर हललं नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि चेहरा पाहतो तर अभिमानाने फुललेला.

"बघितलंत गुरुजी? स्क्रू मी स्वतः पिळलेत. मेलं उघडायचं नाय कुणाला."